इंजिन ओढत नाही म्हणून लगेच पंप खोलू नका : शिडाच्या बोटीच्या डिझेल इंजिनाबद्दल सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला, बाकीच्यांना पण कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुम्ही आणि तुमचे साडू, दोघं संभाजीनगरचे, भागीदारीत २८ फुटी जुनी शिडाची बोट घेतलीय, ती रेवदंड्याच्या खाडीत उभी असते आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा तुमचं जाणं होतं. आत दोन सिलेंडरचं १८ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, प्लेटवर ३६०० आरपीएम लिहिलंय. मागच्या वर्षी ३००० ला साडेपाच नॉट वेग आरामात मिळायचा, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात पाण्यात उतरवली तेव्हा पण ठीक होतं, आणि आता फेब्रुवारीत लिव्हर पूर्ण पुढं ढकलला तरी गिअरमध्ये २३०० च्या वर काटा जात नाही, साडेतीन नॉटवर बोट रांगायलीय आणि मागं काळा धूर. स्टार्ट मात्र पहिल्या झटक्यात होतंय. दोन्ही डिझेल फिल्टर बदलून झाले, फरक शून्य. इकडच्या ओळखीच्या ट्रॅक्टर मेकॅनिकला फोनवर सांगितलं तर तो म्हणला डिझेल दाबानं ढकलणारा पंप आणि ते सिलेंडरमध्ये फवारणारं नोझल ओव्हरहॉल करा, जमलं तर हेड पण खोलून बघू. आणि तुम्ही विचारायलात, करू का?

नका करू. निदान आत्ताच नका करू.

मी आता जालन्यात जनरेटर, पंपसेट असलीच कामं करतो पण त्याच्या आधी बरीच वर्षं किनाऱ्यावर बोटींच्या इंजिनावर काढलीत, म्हणून दोन्हीकडचं बघितलेलं आहे. तुमचा मेकॅनिक चुकीचा माणूस नाही हे आधी सांगतो, ट्रॅक्टर काळा धूर मारून दम टाकायला लागला तर मी पण एअर फिल्टर बघून पुढं नोझलकडंच जाईन. पण बोटीत दोन गोष्टी अशा आहेत ज्या ना ट्रॅक्टरला असतात ना विहिरीवरच्या इंजिनाला. एक म्हणजे पाणी सोडलेला ओला सायलेन्सर, आणि दुसरी म्हणजे पाण्याखालचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, जो तुम्हाला वरून दिसत नाही. ट्रॅक्टरचा नांगर जड जायला लागला की तुम्ही खालचा गिअर टाकता, बोटीला पुढं जायचा एकच गिअर, त्यामुळं पंखा जड झाला की इंजिनाला सुटकाच नाही. शिडाच्या बोटीचं इंजिन कमजोर पडलंय म्हणून मला बोलवायचे तेव्हा बहुतेक वेळा दुखणं या दोन ठिकाणीच निघायचं, आणि त्याच्या आधी कुणीतरी पंप खोलून ठेवलेला असायचा.

आता तुमच्याच माहितीतून काय काय कळतं ते बघू, कारण तुम्ही अर्धं उत्तर प्रश्नातच देऊन ठेवलंय.

पहिलं, थंड इंजिन एका झटक्यात स्टार्ट होतंय. डिझेलला ठिणगीचा प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या गरमीवरच डिझेल पेटतं, म्हणजे कॉम्प्रेशन बरं असल्याशिवाय सकाळी थंड इंजिन असं पटकन उचलणारच नाही. रिंगा गेल्या, व्हॉल्व्ह बसत नाहीत, हेड गॅस्केट फुंकतंय असलं काही असतं तर स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरली असती आणि पांढरा धूर आला असता. म्हणून हेड खोलायचा विषय इथंच बंद करा.

दुसरं, धूर काळा आहे. धूर ओळखता आला की निम्मं काम झालं. काळा म्हणजे डिझेल भरपूर जायलंय पण ते पूर्ण जाळायला हवा कमी पडायलीय, किंवा इंजिनावर लोडच इतका टाकलाय की ते त्याच्या औकातीबाहेर डिझेल पिऊन राहिलंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा असेल तर आधी नाक लावून बघा, डिझेलचा डोळे चुरचुरणारा वास असेल तर न पेटलेलं डिझेल, आणि वास नसताना हवेत पटकन विरून जात असेल तर नुसती वाफ, ओल्या सायलेन्सरला थंडीच्या सकाळी तशी वाफ दिसतेच, घाबरायचं नाही. आणि चौथा प्रकार जो लोक धरतच नाहीत तो म्हणजे धूरच नाही आणि ताकद पण नाही. हे डिझेल न मिळण्याचं लक्षण आहे, कारण डिझेलच पोचत नाही तर काळा धूर कशाचा निघणार? तुम्ही फिल्टर बदलले आणि फरक पडला नाही त्याचं कारण हेच, तुमच्या इंजिनाला डिझेल कमी नाहीच, उलट जास्त जायलंय. फिल्टर बदलले ते वाया गेलं असं नाही, पण दुखणं ते नव्हतं.

हे जास्त का जायलंय तेवढं समजून घ्या. पंपात गव्हर्नर असतो, तुम्ही लिव्हरनं त्याला सांगता की मला ३६०० पाहिजेत, तो बघतो की इंजिन २३०० लाच अडकलंय, मग तो रॅक, म्हणजे पंपातली डिझेल कमीजास्त करणारी पट्टी, पूर्ण उघडून देईल तेवढं डिझेल ढकलतो. प्रत्येक फेऱ्याला आत खेचली जाणारी हवा ठरलेली तेवढीच, डिझेल मात्र फुल्ल, मग काजळी होणारच. म्हणजे काळा धूर दिसला की पंप बिघडलाय असं नाही, पंप बिचारा सांगितलेलं काम इमानदारीत करायलाय.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, तुमचे आकडे. शिडाची बोट तिच्या कमाल वेगाच्या खाली असताना ढोबळमानानं आरपीएम आणि वेग एकाच प्रमाणात वरखाली होतात. ३००० ला साडेपाच नॉट होते तर २३०० ला सव्वाचारच्या आसपास यायला पाहिजेत. तुम्हाला मिळायलेत साडेतीन. इंजिन नुसतं कमजोर असतं, पंखा आणि तळ स्वच्छ असता, तर आरपीएम २३०० ला अडकले असते पण २३०० चा जो वेग आहे तो तरी पूर्ण मिळाला असता. तो मिळत नाही म्हणजे पंखा पाण्याला नीट पकडत नाही किंवा तळ घासायलाय, किंवा दोन्ही. मात्र एक गोष्ट तपासा, खाडीत भरती-ओहोटीचा ओढ असतो, तुम्ही ओहोटीच्या उलट जाताना मोजलं असेल तर आकडा खोटा निघतो. मोबाइलच्या जीपीएसवर एकाच पट्ट्यात जाताना आणि येताना दोन्ही वेग घ्या, आरपीएम तेच ठेवून, आणि सरासरी काढा. वाऱ्याचं पण तसंच. ही मोजणी फुकट आहे आणि पंप खोलण्यापेक्षा जास्त सांगून जाते.

त्यामुळं या वेळी गेलात की काम असं लावा.

आधी किल्ली फिरवायच्या आत इंजिनाचं झाकण उघडा, साडूंना लिव्हरवर बसवा आणि फुल्ल पुढं ढकलायला सांगा, तुम्ही पंपापाशी बघा की तिथला हात मॅक्सिममच्या स्टॉप स्क्रूला टेकतोय का. कधी कधी केबलचं बाहेरचं कव्हर क्लॅम्पमधून सरकलेलं असतं, वर लिव्हर पूर्ण गेलेला दिसतो आणि खाली पाऊणच उघडलेलं असतं. तुमच्या केसमध्ये काळा धूर आहे म्हणून मला केबलचा संशय नाही, पण बघायला दोन मिनिटं लागतात. आणि तो स्टॉप स्क्रू सील केलेला असेल तर त्याला पान्हा लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. इंजिन बंद करायचं स्टॉपचं केबल अर्धवट ओढलेलं राहिलंय का ते पण तेव्हाच बघून घ्या.

मग न्यूट्रलमध्ये इंजिन गरम करून हळूहळू फुल्ल करा. ३६०० किंवा थोडं वरच गेलं पाहिजे. गेलं म्हणजे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका, न्यूट्रलमध्ये इंजिनाला काही कष्टच नसतात, अर्ध्या चोकअप फिल्टरवर पण ते तेवढं फिरतं. न्यूट्रलमध्ये सुद्धा जात नसेल तर मग केबल किंवा खूपच बंद झालेला एक्झॉस्ट. एवढाच त्याचा उपयोग. आणि तुमचा टॅको, म्हणजे आरपीएमचा काटा, अल्टरनेटरवरून चालत असेल तर पट्टा ढिला पडला की तो पण खोटं बोलतो, चमकती पट्टी चिकटवून लांबून मोजायचा हातातला टॅकोमीटर मिळतो तो एक घेऊन ठेवा, महाग नाही.

आता पंखा. बोट चार महिने पाण्यात आहे, त्यात बहुतेक दिवस एका जागी उभी. कोकणातलं पाणी गरम, खाडीत खायला भरपूर, तळाला तुम्ही रंग मारला असेल पण पंख्याला बहुतेक लोक काहीच लावत नाहीत, तिथं शिंपल्यासारखे बारीक कडक खवले, बार्नेकल म्हणतात ते, काही आठवड्यांत धरतात. नखाएवढे खवले असले तरी पंख्याच्या पात्याचा आकारच बिघडतो, पात्यावरून पाणी सरळ न जाता नुसतं घुसळलं जातं. पंखा फिरवायला लागणारी ताकद आरपीएमच्या घनात वाढते, म्हणजे स्वच्छ पंख्याला २३०० ला लागते त्याच्या दुपटीहून जास्त ताकद ३००० ला लागते. त्यामुळं पंखा थोडा जरी जड झाला तरी वरचे आरपीएम आधी जातात, खाली १५०० ला तुम्हाला काही कळत पण नाही. घडीचा पंखा असेल, शिडावर जाताना मिटणारा, तर अजून वाईट, बिजागरीत एक खवला अडकला की एक पातं उघडतं आणि दुसरं अर्धवट राहतं, तेव्हा मग बोट थरथरायला पण लागते. थरथर असेल तर मला नक्की सांगा.

शाफ्टला दोरी किंवा नायलॉनचं जाळं गुंडाळलंय का ते पण बघायचं. रेवदंड्याला मच्छीमारी भरपूर, फाटकं जाळं पाण्यात तरंगत असतं. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि आतून शाफ्ट हातानं फिरवून बघा, सहज फिरला पाहिजे. जड जात असेल तर शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथली गळती थांबवायची ग्लॅंड कुणीतरी जास्त आवळलीय का बघा. चालवून इंजिन बंद केल्यावर ग्लॅंडला हात लावून बघा, कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल इतकी गरम असेल तर ती पण ताकद खायलीय. जुन्या पद्धतीच्या ग्लॅंडमधून चालताना थेंब थेंब पाणी पडणं बरोबर असतं, लोक ते बंद करायला जातात आणि शाफ्ट जाळतात.

पंखा साफ करायला कोळ्यांतला एखादा पोहणारा पोरगा मिळतो, दोनशे-पाचशे जे काय ठरेल ते द्या, पण एक नियम, तो पाण्यात असेपर्यंत किल्ली तुमच्या खिशात आणि बॅटरीचा मेन स्विच बंद. पटाशी किंवा पुट्टी मारायची पट्टी चालते, हातोडा नाही. शाफ्टवर जस्ताचा गोळा असतो तो त्याला खरवडू देऊ नका, उलट किती उरलाय ते विचारा. आणि त्यालाच सांगा की समुद्राचं पाणी आत घ्यायची जाळी आणि तळावर किती शेवाळ आहे ते पण हात फिरवून सांग. जमलं तर त्याच्याकडं पाण्यात चालणारा कॅमेरा देऊन फोटो काढून घ्या, "साफ केला साहेब" आणि खरंच साफ यात फरक असतो.

साफ केल्यावर परत तीच मोजणी करा, त्याच पट्ट्यात. माझा अंदाज, निम्म्याहून जास्त फरक इथंच पडंल. ३००० च्या बरंच वर, ३६०० च्या जवळ गेलं आणि धूर गेला तर विषय संपला, घरी या. पण २६००-२७०० ला जाऊन परत काळा धूर मारत अडकलं, आणि त्या आरपीएमचा वेग मात्र बरोबर मिळतोय, तर मग राहिलं ते एक्झॉस्टचं कोपर, म्हणजे एल्बो.

हा एल्बो आपल्या इकडच्या मेकॅनिकला माहीत नसतो यात त्याचा काही दोष नाही. विहिरीवरच्या इंजिनाचा धूर सरळ पाइपानं वर जातो, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून टोकाला एक डबड्याचं झाकण, संपलं. बोटीत तसं करता येत नाही, गरम पाइप लाकडातून नि फायबरमधून न्यायचा कसा? म्हणून इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणी या एल्बोमध्ये धुरात सोडतात, धूर थंड होतो आणि मग रबरी पाइपानं दोघं मिळून मागून बाहेर पडतात. आता विचार करा, एका बाजूनं काजळी, दुसऱ्या बाजूनं खारं पाणी, आणि मध्ये खूप तापलेलं लोखंड. मीठ आणि कार्बन मिळून आतून असा दगडासारखा थर धरतात की दीड-दोन इंची भोकात शेवटी अंगठा जात नाही. धुराडं बुजवून चुलीत जाळ घाला म्हणण्यासारखं आहे ते, जळलेला धूरच बाहेर पडत नाही म्हणून सिलेंडरमध्ये नवी हवा यायला जागा होत नाही, आणि हवा कमी म्हणजे परत काळा धूर.

शिडाच्या बोटीत हे जास्त होतं कारण आपण इंजिन वापरतोच कसं, जेट्टीतून बाहेर पडायला दहा मिनिटं आणि बॅटरी चार्ज करायला तासभर न्यूट्रलमध्ये भुकभुक. लोड नसलेलं डिझेल इंजिन थंड चालतं, अर्धवट जळतं आणि काजळी साठवतं. मच्छीमारांचं इंजिन दिवसभर लोडवर असतं, त्यांना हा त्रास बराच कमी. म्हणून इंजिन गरम झाल्यावर प्रत्येक फेरीत काही वेळ तरी गिअरमध्ये चांगलं ओढू द्या, कमाल आरपीएमच्या ऐंशी टक्क्यापर्यंत. लाडानं हळू चालवून इंजिन जास्त टिकतं हा समज पेट्रोल स्कूटीवरनं आलेला दिसतो.

बघायचं असं. इंजिन थंड, समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद. एल्बोपासून रबरी पाइप काढा, क्लिपा गंजलेल्या असतात, आधीच्या दिवशी डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. टॉर्च लावून आत बघा, बोट घाला. एवढ्यानं पूर्ण चित्र मिळत नाही कारण थर बऱ्याचदा पाणी जिथं मिसळतं त्या वळणावर असतो, म्हणून शक्य असेल तर मॅनिफोल्डवरचे, म्हणजे सिलेंडरचा धूर जिथं गोळा होतो त्या भागावरचे, बोल्ट काढून एल्बो पूर्णच हातात घ्या. बोल्ट तुटायची भीती असते, जोर न लावता थोडं गरम करून, पुढं-मागं हलवत काढायचं, आणि गॅस्केट नवीन आणूनच हात घालायचा. काढायला जमत नसेल तर मेकॅनिककडून एक्झॉस्टचा बॅकप्रेशर, म्हणजे धुराचा उलटा दाब, मोजून घेता येतो, लिमिट इंजिनच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, पण एवढ्या लहान इंजिनाला काढून बघणं सोपं.

साफ करायचं तर कार्बन ॲसिडनं जात नाही, तो जुन्या स्क्रूड्रायव्हरनं ठोकून काढायचा. मिठाचा नि गंजाचा थर हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ॲसिडमध्ये पाणी मिसळून, म्हणजे पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही, उघड्यावर ठेवून, हातमोजे आणि चष्मा लावून. एल्बो ॲल्युमिनियमचा असेल तर ॲसिड अजिबात नको. नंतर सोड्याच्या पाण्यानं धुवा. आणि साफ झाल्यावर आत पाणी भरून, एक टोक बंद करून, सगळीकडून हलक्या हातानं ठोकून बघा. बिडाचा एल्बो आतून खाऊन खाऊन पातळ होतो, कधी कधी तो थरच भोक बुजवून बसलेला असतो आणि साफ केल्यावर खरी गळती दिसते. पातळ झाला असेल तर सरळ नवीन घ्या, स्टेनलेसमध्ये मिळतात. तिथं फुटला तर पाणी उलटं सिलेंडरमध्ये जातं आणि मग मात्र हेडच काय सगळंच खोलावं लागंल. रबरी पाइपाची आतली पण बाजू दाबून बघा, जुन्या पाइपाचा आतला पदर सुटतो आणि झडपेसारखा बंद होतो, बाहेरून पाइप नवा दिसतो. हे सापडायला लई त्रास होतो म्हणून सांगितलं.

एक धोक्याची गोष्ट इथंच सांगतो कारण याच कामात ती होते. काही कारणानं इंजिन स्टार्ट होत नसेल आणि तुम्ही स्टार्टर मारतच राहिलात तर समुद्राचं पाणी पंप होत राहतं पण बाहेर ढकलायला धूर नसतो, ओल्या सायलेन्सरचा डबा पाण्यानं भरतो आणि पाणी उलटं इंजिनात चढतं. म्हणून दोन-तीनदा मारून नाही झालं तर पाण्याचा कॉक बंद करून मग प्रयत्न करायचा, आणि इंजिन पेटलं की लगेच उघडायचा.

हवेचं पण एकदा बघून घ्या, त्याला फार वेळ लागत नाही. एक लिटरच्या फोरस्ट्रोक इंजिनाला ३००० आरपीएमला मिनिटाला दीड हजार लिटर हवा लागते, आणि बोटीत इंजिन एका पेटीत कोंडलेलं असतं. पेटीचं झाकण उघडून गिअरमध्ये चालवा, आरपीएम वाढले तर हवा यायची भोकं कुठंतरी बंद आहेत, बहुतेक साडूंनी तिथं लाइफजॅकेट कोंबलेली असतील. एअर फिल्टरच्या जागी फोम असेल तर तो चुरा होऊन आत ओढला जातो, हातात घेऊन दाबून बघा. फिल्टरवर काळी काजळी दिसली तर एक्झॉस्टचा कुठला तरी जॉइंट आतच फुंकतोय, आणि ते तब्येतीला पण वाईट आहे, केबिनमध्ये झोपत असाल तर आधी ते करा. अल्टरनेटर मोठा बसवला असेल तर ६० अँपिअर चार्जिंगला दोनेक हॉर्सपॉवर तोच खातो, १८ मधून दोन गेले तर जाणवतात. मोजणी करताना बॅटरी भरलेली ठेवा.

आता ज्यांचं इंजिन धूर न मारता दम टाकतंय, किंवा आरपीएम वरखाली झुलायलेत, त्यांच्यासाठी डिझेलचं सांगतो, कारण असे पण बरेच जण वाचत असतील. आपण मराठवाड्यातले लोक, बोट तिकडं समुद्रात, टाकी अर्धी ठेवून येतो, रात्रीच्या दमट हवेनं टाकीच्या रिकाम्या भागात आतून घाम येतो, ते पाणी तळाशी बसतं, आणि पाणी आणि डिझेलच्या मधल्या थरात जंतू वाढून काळा चिकट गाळ होतो. खाडीत शांत पाण्यात इंजिन छान चालतं, बाहेर लाटांत गेलं की गाळ हलतो, टाकीतली नळी बुजते आणि नेमकं नको तेव्हा इंजिन बसतं. परत शांत पाण्यात आलं की गाळ खाली, इंजिन पहिल्यासारखं. हे असं चित्र असेल तर एकच टेस्ट करा, पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात ताजं गाळलेलं डिझेल, इंजिनापेक्षा उंच बांधायचा आणि नळी सरळ फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाला, जोडायची. नळीतली हवा काढून गिअरमध्ये चालवा. ताकद परत आली तर दुखणं टाकी ते फीड पंप यामध्येच आहे, म्हणजे टाकीचा श्वास, आतली नळी, कॉक, पहिला फिल्टर. नाही आली तर पुढं. टाकीचा श्वास म्हणजे व्हेंट बंद असेल तर नुसतं टाकीचं झाकण ढिलं करून पण कळतं. फीड पंपाच्या आत एक बारीक जाळी असते, लोक फिल्टर बदलतात आणि ती विसरतात. नळीत हवा ओढतेय का बघायला मध्ये एक फूटभर पारदर्शक नळी टाका, बुडबुडे दिसतील. डिझेल बाहेर गळत नसलं तरी हवा आत ओढली जाऊ शकते, ती बाजू पंपाच्या ओढीवर असते.

हे सगळं होऊन पण फरक नसेल तेव्हा नोझल. ते पण खोलायच्या आधी इंजिन स्लोवर ठेवून एकेका सिलेंडरच्या नोझलला येणाऱ्या नळीचा हाय प्रेशर नट अर्धा आटा ढिला करून बघा, ज्याचा ढिला केल्यावर आवाज बदलत नाही तो सिलेंडर काम करत नाही. वर कापड धरा, चष्मा घाला आणि तिथं बोट कधीच न्यायचं नाही, त्या दाबानं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि नुसता टोचल्याएवढा डाग दिसला तरी तो दवाखान्याचा विषय आहे, घरी हळद लावून बसायचा नाही. दोन्ही सिलेंडर सारखेच असतील तर नोझल काढून टेस्टिंगला द्या. इथं मात्र आपण मराठवाड्यात असल्याचा फायदा, संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड कुठंही पंप-नोझल टेस्ट करणारी दुकानं आहेत, ट्रॅक्टरांच्या जिवावर चाललेली. नोझल खिशात घालून आणा, फवारा आणि दाब समोर उभं राहून बघा, आणि परत बसवताना कॉपर वॉशर नवीन. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, पण त्याच वेळी मॅन्युअलच्या गॅपला लावून घ्या. पंप सगळ्यात शेवटी, आणि तुमच्या केसमध्ये तिथवर जायची वेळ येणार नाही असं मला वाटतं.

जाताना इकडूनच नेण्यासारखं म्हणजे एल्बोचं गॅस्केट, नवीन स्टेनलेस क्लिपा दोन साइजच्या, कॉपर वॉशर, इम्पेलरचा (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पंखा) एक स्पेअर, पारदर्शक नळी आणि रिकामा कॅन. ऐन वेळी तिथं शोधत फिरायला शनिवार-रविवार पुरत नाही. पहिला दिवस पंख्याला ठेवा, दुसरा एल्बोला, आणि एल्बो ओहोटीच्या वेळेला अगदी टेकवून नका काढू, परत बसवून एकदा चालवून बघायला दोन तास हाताशी ठेवा.

परत आल्यावर मला एवढं कळवा : साफ करायच्या आधीचा आणि नंतरचा वेग दोन्ही दिशांनी, कमाल आरपीएम, धूर गेला का राहिला, आणि एल्बोच्या आतला एक फोटो. आणि हो, मागच्या मालकानं पंखा बदलला होता का ते पण विचारून बघा, पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात पाण्यात जेवढा पुढं सरकायला पाहिजे ते अंतर, एक इंच जरी जास्त असला तरी दीड-दोनशे आरपीएम तिथंच जातात. ऑक्टोबरात तुमचं इंजिन पूर्ण ३६०० ला गिअरमध्ये जात होतं का, का तेव्हापासूनच ३००० च्या पुढं कधी ढकललंच नाही?